लाल दोऱ्यावरून कॅलगरीला

हल्ली फोनमध्ये दोन विमानतळांची नावं टाकली की डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर येतं. मुंबई ते कॅलगरी, इतके हजार किलोमीटर, इतके तास, आणि खाली निळ्या पृथ्वीवर एक बाकदार रेघ. मी हे अधूनमधून उगीचच करते. कुठे जायचं नसतं, तिकीट काढायचं नसतं. बदलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या अकराव्या मजल्यावर चहाचा कप घेऊन बसलेली असते आणि ती रेघ मुंबईहून निघून सरळ वर चढते, पृथ्वीच्या टाळूवरून जाते आणि पलीकडे उतरते, ते बघत राहते. फार समाधान वाटतं. कारण ही रेघ या फोनच्या कितीतरी आधी मी काढली होती, इथल्याच हेंद्रेपाड्यातल्या आमच्या जुन्या स्वयंपाकघरात, आईच्या शिलाईच्या दोऱ्याने. फुशारकी वाटली तर वाटू दे. आयुष्यात फुशारकी मारण्यासारखं माझ्याकडे फार नाही, त्यामुळे जे आहे ते मी पुरवून पुरवून वापरते.

आमच्या घरात अंतर किलोमीटरमध्ये मोजायची पद्धतच नव्हती. आई अंतर डब्यात मोजायची. ठाणं म्हणजे नुसता चहा पिऊन निघायचं. पुणं म्हणजे एक डबा, पोळी-भाजी. बाबांचं गाव सोलापूरच्या पुढे, ते दोन डबे, आणि दुसऱ्या डब्यात दुधात मळलेल्या दशम्या, कारण त्या टिकतात. एकदा बाबांची कंपनी त्यांना नागपूरला पाठवणार अशी आवई उठली होती. तेव्हा आई ‘चार डबे लांब’ एवढंच म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली. बाबा अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात अधिकारी होते. ते घरी आले की त्यांच्या आधी त्यांच्या शर्टाचा वास घरात यायचा. घर बैठं होतं, मागे भाताची खाचरं, आणि खाचरांपलीकडे नदी. जेवायला एका बाजूला आईच्या माहेरची सुकट आणि वालाचं बिरडं, दुसऱ्या बाजूला बाबांच्या गावाकडची शेंगदाण्याची चटणी. दोन्हीकडचे दोघंही एकमेकांच्या ताटाकडे बघून नाक मुरडायचे आणि मग हळूच थोडं थोडं वाढून घ्यायचे.

पडवीत आईचं शिलाई मशीन होतं. उल्हासनगरातल्या निम्म्या सिंधी बायका आईकडून ब्लाउज शिवून घ्यायच्या, आणि ते पोचवायचं काम माझं, कारण माझं कॉलेज उल्हासनगरात होतं. त्या मशीनचा आवाज हे आमच्या घराचं हवामान. आई खुशीत असली की टकटक एका लयीत चालायची. रागावली की सुसाट सुटायची, मधेच थांबायची, परत सुसाट. आणि मशीन पूर्ण थांबलं, की बाबासुद्धा पेपर खाली ठेवायचे.

आई कशाला भ्यायची नाही. सापाला नाही, बाबांच्या साहेबाला नाही. भ्यायची ती फक्त पाण्याला. तिचं माहेर नदीपलीकडे. ती लहान असताना एका पावसाळ्यात पाणी घरात शिरलं आणि सगळं घर माळ्यावर चढून बसलं. तिने स्वतःच्या हाताने वाढवलेली एक पाट, म्हणजे शेळीचं पिल्लू, खाली राहिली होती. ती ओरडत ओरडत पाण्याबरोबर गेली आणि आई वरून बघत राहिली. तेव्हापासून ज्या पाण्याचा पलीकडचा काठ पायाशी नाही ते पाणी आईने बघितलं नाही. उन्हाळ्यात नदीत दगड उघडे पडले की त्या दगडांवरून मात्र ती झपाझपा माहेरी जायची, कारण प्रत्येक दगड हा एक काठच. एरवी पुलावरून जायचं. पूल आला की ती डोळे घट्ट मिटायची, माझं मनगट धरायची आणि विचारायची, “आला का काठ?” मी सांगायची, “नाही अजून.” परत, “आला का काठ?” “आला.” मग ती डोळे उघडायची आणि काही झालंच नाही अशा थाटात पदर सारखा करायची. ताईचं लग्न होईपर्यंत हे काम ताईचं होतं, नंतर माझ्याकडे आलं.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण उषा. लग्न होऊन ती कॅनडात, कॅलगरीला गेली. भावोजी तेलाच्या विहिरींवर काम करायचे, म्हणजे आठवडेच्या आठवडे उत्तरेकडच्या बर्फात. तिला सासू नव्हती, नणंद नव्हती. तिला दिवस गेल्याची बातमी शेजारच्या प्रधानकाकूंच्या फोनवर आली तेव्हा आईने साखर वाटली आणि त्याच दिवशी डिंक आणायला सांगितला. पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्याकडे यावर चर्चा होत नसते. पण दोनेक महिन्यांनी पुन्हा फोन आला. डॉक्टरने ताईला प्रवास बंद केला होता. पलंगावरून फार उतरायचंसुद्धा नाही म्हणे. ताई आधी भावोजींच्या कामाचं बोलली, हवेचं बोलली, आणि मग एकदम बारीक आवाजात म्हणाली, “आई, मला नाही येता येत, तर तूच ये ना. मला इथे फार भीती वाटते गं.” आईने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. शेवटी “बघू” म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला. घरी आल्यावर मशीन जे सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत थांबलं नाही. काय शिवत होती कोण जाणे. मी बघितलं तर सुईखाली कापडच नव्हतं.

बाबा बिचारे आपल्या परीने मदतीला धावले. ताईच्या शाळेतला जगाचा नकाशा अजून भिंतीवर होता. बाबांनी कारखान्यातली स्टीलची फूटपट्टी आणली आणि मुंबईपासून डावीकडे मोजायला सुरुवात केली. अरबी समुद्र, आफ्रिकेचं डोकं, मग अटलांटिक, मग अमेरिका, मग वर कॅलगरी. दोन वेळा मोजलं, गुणाकार केला, चष्मा काढला.

“वीस हजार किलोमीटरच्या घरात जातं,” बाबा म्हणाले. “आणि त्यातलं निम्मं पाणी.”

“निम्मं पाणी,” आई म्हणाली. “म्हंजे काठच नाय.”

“विमान वरून जातं गं. तुला पोहायला कोण सांगतंय?”

“पूलपण वरूनच जातो,” आई म्हणाली.

आता परसू अंकलना गोष्टीत आणायला हवं. त्यांच्या बायकोचे ब्लाउज पोचवता पोचवता माझी त्यांच्याशी ओळख झाली होती. उल्हासनगरच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. पुढच्या अर्ध्या भागात प्रवासाच्या बॅगा विकायच्या आणि मागच्या अर्ध्या भागात, काचेच्या दाराआड, परदेशची विमानाची तिकिटं काढून द्यायची. त्यांच्या नात्यातले लोक जगभर दुकानं टाकून बसलेले, त्यामुळे दोन्ही धंदे जोरात. कॉलेज सुटलं की मी तिथे टायपिंग करायची. तिथे एक जाडजूड पुस्तक होतं, जगातल्या सगळ्या विमानांच्या वेळा आणि अंतरं असलेलं. एक दिवस अंकल जेवायला गेले असताना मी ते उघडलं आणि धडपडत कॅलगरी शोधून काढलं. मुंबईहून लंडन, लंडनला विमान बदलायचं. लंडनहून सुटतं दुपारी बाराला. कॅलगरीला पोचतं दुपारी दोनला.

मी दोन वेळा बोट फिरवून बघितलं. बारा आणि दोन. पुस्तक मिटून मी जी निघाले ती थेट घरी. बाबांना सांगितलं तर त्यांनाही पटलं. “निघालीत म्हणे हल्ली तसली विमानं, आवाजाच्या पुढे पळणारी,” असं म्हणून त्यांनी आपल्या वीस हजार किलोमीटरची वाट लावली. माझ्याबरोबर बाबाही फसले याचा मला आजही आधार वाटतो. आईने मशीन थांबवलं.

“दोन तास? समुद्रावरून नुसते दोन तास?”

“दोनच.”

“दादरला जाऊन येतो तेवढ्यात!” आई उठली, पदर खोचला. “दोन तास मी डोळे मिटून बसेन की. मिटते मी डोळे.”

त्या संध्याकाळी आमच्या घरात दिवाळी होती. आईने अळीव निवडायला घेतले. प्रधानकाकूंना सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं, नदीपलीकडे मामाला निरोप गेला. ताईला फोन लावला तर ती इतकी हसली आणि इतकी रडली की बाकीचं विचारायला तिला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी परसू अंकलना मोठ्या रुबाबात म्हटलं, “अंकल, आईचं तिकीट काढायचंय. लंडन ते कॅलगरी दोन तासवालं.” अंकल आधी माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं.

“अडे पुट, अरे बेटा,” डोळे पुसत ते म्हणाले, “घड्याळ पण फिरतं ना! बारा बजे लंडनचे, दो बजे तिकडचे. तिकडे सूरज लेट येतो. बीच में पूरा नौ घंटा आहे.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. अंकलनी माझा चेहरा बघितला, सगळं विचारून घेतलं, आणि हसणं थांबवलं. मायेचा माणूस. म्हणाले, “मत बोल. सांगूच नको. एक बार प्लेन में बैठ गई, मग उतरून थोडीच जाणार आहे? पोचल्यावर स्वतःच हसेल.”

सल्ला काही वाईट नव्हता. बदलापूर येईपर्यंत मी तोच घोकत होते. पण स्टेशनातून घराकडे चालताना मला पूल आठवायला लागला. इतक्या वर्षांत आईने कितीदा विचारलं असेल, ‘आला का काठ?’ आणि काठ यायच्या आत मी एकदाही ‘आला’ म्हटलं नव्हतं. कंटाळा आला तरी नाही, मैत्रीण समोर उभी असली तरी नाही. त्या एका गोष्टीवर ती डोळे मिटत होती. आणि आता समुद्राच्या मधोमध तिने दोन तासांनी डोळे उघडले असते तर?

मी पडवीतच सगळं सांगून टाकलं. मशीन थांबलं. आई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने निवडलेले अळीव परत डब्यात भरले, झाकण लावलं, डबा फळीवर ठेवला.

“नऊ तास डोळे मिटून नाय बसवणार, नलू,” ती म्हणाली. “मला माहीत हाय मी किती टिकते ते.”

पुढचे काही दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. ताईचा फोन येऊन गेला तेव्हा आई ‘कणकेत हात आहेत’ म्हणून प्रधानकाकूंकडे गेलीच नाही. बाबांनीच ताईला काहीतरी सांगितलं. परत आले तेव्हा त्यांना आमच्याकडे बघवत नव्हतं. मला आईचा राग येत होता आणि ताईचा विचार मनात आला की रडू येत होतं. अठराएकोणीस वर्षांच्या मुलीकडे दुसरं काय असणार?

आणि मग एका दुपारी मला ओरडा बसला. परसू अंकलची बायको, आमची आंटी, अंगाने भरलेली. तिचं माप घ्यायला आईने मला पाठवलं होतं. आंटीला घाई होती, म्हणून मी तिचा जुना ब्लाउज पलंगावर पसरला आणि त्यावरून टेप लावून आकडे आणले. नवीन ब्लाउज तिला चढलाच नाही.

“किती वेळा सांगितलं,” आई मशीनवरून कडाडली, “माप अंगावर टेप ठेवून घ्यायचं. कापड सपाट असतं, माणूस सपाट असतो का? गोल अंगावर टेप आपली वाट आपण धरते. पसरून मोजलंस की चुकलंच!”

मी खाली मान घालून ऐकत होते. समोरच्या खोलीचं दार उघडं होतं आणि भिंतीवर ताईचा नकाशा दिसत होता. सपाट, गुळगुळीत, चारही कोपऱ्यांत खिळे ठोकलेला. आणि मला एकदम उमगलं की बाबांनी पृथ्वीचं माप पलंगावर पसरून घेतलंय.

परसू अंकलच्या काउंटरवर शोभेला पृथ्वीचा एक प्लॅस्टिकचा गोल होता, बाजारातच कुठेतरी बनलेला. वरची वाटी आणि खालची वाटी वेगवेगळ्या करून चिकटवताना कामगाराचा हात सरकला असावा. खालची आफ्रिका वरच्या आफ्रिकेपासून फारकत घेऊन चांगली दोन बोटं पुढे गेलेली. मी तो मागितला तेव्हा अंकल म्हणाले, “ले जा. तुला ऊपरवाला आधा पायजे ना? ते बरोबर आहे.” पिशवीत पृथ्वी घालून मी घरी आले.

रविवार होता. जेवणं झाली होती, आई ताटं आवरत होती. मी गोल स्वयंपाकघरात जमिनीवर ठेवला आणि मशीनवरचं लाल रीळ आणलं. “आई, जरा बोट लाव इथे,” म्हटलं. नाखुशीने का होईना, तिने मुंबईवर बोट ठेवलं. मी दोरा डावीकडून, बाबांच्या वाटेने, अटलांटिकवरून कॅलगरीपर्यंत नेला आणि ओढला. दोरा ताणला गेला तसा तो समुद्रावरून सुटला, सुर्रकन वर सरकला, आणि गोलाच्या अगदी माथ्यापाशी जाऊन बसला.

“आई, घट्ट धर ना!”

“मी काय केलं नाय! तोच सरकला!”

बाबा दारात उभे होते. “असं कसं सरकेल?” म्हणत तेही जमिनीवर बसले. त्यांनी स्वतः दोरा समुद्रावर धरून ठेवायचा प्रयत्न केला. ताण दिला की दोरा वर. ढिला सोडला तरच समुद्रावर राहायचा. चारपाच वेळा झालं आणि बाबांचे डोळे लहान मुलासारखे चमकायला लागले. “अगं, म्हणजे हीच जवळची वाट!” ते म्हणाले. मग एकदम थबकले. “पण विमान लंडनवरून जातं. टाळूवरून नाही.”

तेही मी योजून ठेवलं होतं. मुंबईपासून लंडनला दोरा ताणला. तो किनाऱ्या-किनाऱ्याने वर जाऊन जमिनीत शिरला तो जवळजवळ लंडनपर्यंत जमिनीवरच. मग लंडन ते कॅलगरी. दोरा परत वर चढला. आईने हात पुसले, गोल मांडीवर घेतला, आणि दोऱ्यावरून तर्जनी सावकाश फिरवायला लागली. ब्लाउजच्या शिवणीवरून फिरवायची तशी.

“इथवर काय?”

“स्कॉटलंड. जमीन.”

“मग पाणी. मग हे बारकं काय?”

“आइसलंड. वाट त्याच्या जवळून जाते.”

“मग परत पाणी. हे पांढरं केवढं?”

“ग्रीनलंड. सगळा बर्फ.”

“बर्फ म्हंजे घट्ट झालेलं पाणी. ते चालतं मला.” बोट पुढे सरकलं. “मग थोडं पाणी, मग लागला कॅनडा. मग जमीनच जमीन.” ती थांबली, परत मागे गेली, परत पुढे आली. तीन वेळा तिने ती वाट बोटाने चालून बघितली. मग वर बघितलं. “नलू, ह्ये तर उन्हाळ्यातले नदीतले दगड हायेत गं.”

बाबा गोलावर वाकून ते दगड मोजायला लागले.

“नऊ तास आहेत मात्र,” मी म्हटलं. यावेळी सगळं आधीच सांगायचं ठरवलं होतं.

“असू दे. डोळे नऊ तास मिटायचे नायत ना. मधल्या पाण्यापुरते मिटायचे.”

तिने कात्रीने दोरा तोडला आणि वाटेतल्या प्रत्येक काठाला एकेक गाठ मारली. बाबांना राहवेना. त्यांनी आधी दोरा गोलाच्या पोटाभोवती लावून, तो घेर चाळीस हजार किलोमीटरचा धरून हिशोब केला, तर लंडनवरून जाऊनही वाट चौदा हजारांच्या आसपास भरली. दुसऱ्या दिवशी गोल आणि दोरा घेऊन ते स्वतः परसू अंकलच्या दुकानात गेले आणि त्या जाडजूड पुस्तकातला आकडा काढायला लावला. पुस्तक आणि दोरा यांच्यात शेदोनशे किलोमीटरचाच फरक निघाला. बाबा सेवबर्फीचा पुडा घेऊन घरी आले आणि दारातूनच ओरडले, “माझ्या फूटपट्टीने फुकटचा सहा हजार किलोमीटर रस्ता वाढवला होता! पोरीने काढून टाकला!” हे ते पुढे अनोळखी माणसांनाही सांगायचे. बाबांचं प्रेम मला कधी कमी पडलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी ज्या नजरेने माझ्याकडे बघितलं तसं त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

दोऱ्यावर एक गाठ जास्तीची होती. मुंबईच्या पुढेच. मी विचारलं तर बाबा म्हणाले, “ती परसूभाईंची.” दोरा सिंधमधल्या त्यांच्या हैदराबादच्या अंगावरून जातोय हे दिसल्यावर अंकलनी गोल स्वतःकडे ओढून घेतला होता. अगदी लहानपणी तिथून आले ते परत कधी गेले नव्हते. त्यांनी स्वतःच्या हाताने तिथे गाठ मारली आणि म्हणाले, “बहनजी को बोलना, इथे खिडकीतून बघा. माझ्यासाठी.”

मग जी धांदल उडाली ती काय सांगू. पासपोर्ट, व्हिसा, सगळं अंकलनी मार्गी लावलं. अळिवाचा डबा फळीवरून परत खाली आला. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, बाळंतशेपा, वावडिंग, ओवा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. आंटीने प्रवासासाठी कोकी करून दिली, कांदा घातलेली जाड सिंधी रोटी, कितीही दिवस टिकणारी. आईने तिची दशमीशी बराच वेळ तुलना केली आणि शेवटी दोन्ही बांधल्या. विमानतळावर आम्ही पोचलो तेव्हा उजाडायला अजून बराच वेळ होता. आई नव्या साडीवर बाबांचा स्वेटर आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घालून उभी, तर्जनीला लाल दोरा गुंडाळलेला.

“दोन विमानं, दोन डबे,” ती मला म्हणाली. “सोलापूरइतकंच की!” आणि मागे वळून न बघता आत गेली.

पुढच्या दिवशी पहाट होते ना होते तोच प्रधानकाकूंच्या खिडकीतून हाक आली. मी अनवाणी धावले.

“पोचले,” आई म्हणाली. इतक्या मोठ्याने, की मधली सगळी वाट तिला आवाजानेच ओलांडायची असावी. “उषा बरी हाय. पोट केवढं दिसतंय! परसूभाईंना सांग, त्यांचं गाव बघितलं. ढग होते, पण मी बघितलं.”

“आणि पाणी?”

“मिटले की डोळे. बोट गाठीवर ठेवून मिटले. मग शेजारच्या बाईने मला हलवलं, खिडकी दाखवली. बघते तर खाली पांढरं, नि मधे निळं, नि परत पांढरं. काठ दिसत होता, नलू. मग कोण मिटतं?”

ताईला मुलगी झाली. नीट, वेळेवर, आणि आई तिच्या उशाशी असताना. आईने कॅलगरीत माहेर मांडलं. एकदा तिने बाळबाळंतिणीला शेक द्यायला ओव्याची धुरी केली तर छताला लावलेला धुराचा भोंगा केकाटायला लागला आणि आगीचा बंब येऊन दारात उभा राहिला. शिरस्त्राणं घातलेली चार दांडगी माणसं आत आली. आईने त्यांना शेगडी दाखवली, बाळ दाखवलं, आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक डिंकाचा लाडू ठेवला. ताई सांगते, त्यातला एकजण पुढच्या आठवड्यात परत आला होता, आग नसताना. ती मुलगी आता स्वतः दोन मुलांची आई आहे. तिच्या बाळंतपणाला ताई गेली तेव्हा ताईच्या सामानातही ओवा होता. भोंग्याची बॅटरी मात्र आधी काढून ठेवली.

आई परतली ती पावसाळा संपता संपता. तिला माहेरी जाऊन नातीचे फोटो दाखवायचे होते, म्हणून दोनच दिवसांत आम्ही दोघी रिक्षाने निघालो. नदी दुथडी भरून वाहत होती, गढूळ, फोफावलेली, खांबांना धडका देत. पूल आला आणि सवयीने मी माझं मनगट पुढे केलं. आईने ते धरलं नाही. रिक्षावाल्याला म्हणाली, “थांब रे जरा.” खाली उतरली. कठड्याला दोन्ही हात टेकून उभी राहिली आणि पाण्याकडे बघायला लागली. बराच वेळ बघत होती. ती पाट आठवत असेल का, मला माहीत नाही.

मग तिने रिक्षावाल्याला पलीकडे जाऊन थांबायला सांगितलं आणि पुलावरून चालायला लागली. पांढरे कॅनव्हासचे बूट, तेच. मी मागून चालत होते. पूल संपत आला तसं इतक्या वर्षांचं तोंडातलं वाक्य आपसूक बाहेर पडलं.

“आला हं आई काठ.”

“दिसतोय की मला,” आई म्हणाली.